डाव्याचं गाणं, उजव्याचा तबला

टेपरेकॉर्डरच्या जमान्यात केरबाअण्णांनी प्लायवूडचे दोन स्पीकर घरीच बनवले आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना ठेवले. डाव्यातून बाईंचं गाणं यायचं, उजव्यातून तबला. डाव्याला त्याचा भारी तोरा होता. "तू आपला बडवत बस," असं तो उजव्याला म्हणायचा.

पुढे अण्णांचा डावा कान गेला. "आज बाई अगदीच हळू गातायत," ते बायकोला म्हणाले. डावा तर जीव तोडून गात होता!

अण्णांनी मग एक बटण बसवलं. ते दाबलं की दोघांतूनही सगळंच वाजायचं.

"माझं गाणं त्याला कशाला?" डावा धुसफुसला.

अण्णांनी बटण दाबलं. उजव्यातून गाणं आलं आणि त्यांची मान डोलू लागली. डाव्यातून पहिल्यांदाच तबला वाजला.

"किती अवघड आहे रे हे!" तो हळूच म्हणाला.

"गाणंही अवघडच आहे," उजवा म्हणाला. "पण मला ते पाठ होतं. रोज ऐकायचो ना तुझं."