दोन याद्या आणि वडावरचे पोपट

एका राज्यात हंसध्वज नावाचा राजा न्यायाने राज्य करी. तेथे एका जादूगाराने निम्म्या प्रजेचे पोपट केले. देशोदेशीचे लोकही त्याने असेच पोपट करून आणले आणि सर्वांना एकाच वडावर बसवले. दरबारची लेखनिका सुलक्षणा रोज वडाखाली उभी राही. पण इतक्या हिरव्या पाखरांत आपला नवरा अच्युत कोणता, ते तिला कळेना.

पुढे जादूगार साध्या तापाने मेला. मागे त्याने पोपटांच्या नावांची यादी ठेवली होती, ‘अ’पासून ‘ह’पर्यंत ओळीने. दुष्ट होता, पण टापटिपीचा.

वडाची राखणदार सोनेरी साळुंकी म्हणाली, “एका हाती ही यादी धर, दुसऱ्या हाती राज्यातल्या सगळ्या माणसांची. वरची दोन नावे पाहा. वर्णमालेत जे आधी, ते उरकून पुढे सरक. दोन्हीकडे एकच असेल, तर दोन्ही हात सरकव. मागे वळायचे नाही.”

कामे तीन होती; ती पुरी झाली की शाप सुटणार होता. आधी दोन्ही याद्यांतली सगळी नावे घ्यायची, एकही दोनदा नाही. मग दोन्हींत असलेलीच घ्यायची. ती आपली माणसे. शेवटी केवळ जादूगाराच्याच यादीत असलेली नावे पुकारायची; ते पोपट आपापल्या देशी उडून जातील. आपला माणूस त्यांत पुकारला गेला, तर तो कायमचा गेला. चूक एकच माफ होती.

ती पहिल्याच कामात झाली. दरबारच्या रिवाजाने राज्याच्या यादीत राजाचे नाव सर्वांत वर होते, बाकीची ‘अ’पासून ओळीने. त्या ‘हंसध्वज’पाशी सुलक्षणाचा एक हात अडून बसला, आणि दुसऱ्या हातची यादी ‘स’पर्यंत संपत आली. राजाचे नाव सरले, तेव्हा खालून अच्युत पुन्हा वर आला.

“अच्युत दोनदा,” साळुंकी म्हणाली.

सुलक्षणाने राज्याची यादी पुन्हा पाहिली. याच यादीने तिसरे काम केले, तर अच्युत परका म्हणून पुकारला जाणार होता. ती तडक दरबारात गेली आणि राजाचे नाव ओळीत खाली घेऊ द्यावे, अशी विनंती केली. प्रधान भद्रसेन संतापला. असला अपमान सात पिढ्यांत झाला नव्हता, असे त्याचे म्हणणे पडले.

राजाने विचारले, “माझी जागा कोठे येते?”

“सोमा कोळ्याच्या खाली, हरबा कुंभाराच्या वर, महाराज.”

“शेजार चांगला आहे. लिही.”

नव्या यादीने दोन कामे बिनचूक पार पडली. तिसऱ्याला तिने अचलसेनाचे नाव पुकारले आणि एक पोपट उडाला. मग दोन्ही हातांत अच्युत आला. तिने ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही याद्या पुढे सरकवल्या. पुकारा संपला, तेव्हा वडावर उरले ते सगळे आपले होते.

शाप सुटला. फांद्याफांद्यांवर माणसे दिसू लागली. शेंड्याजवळ अच्युत डोळे मिटून फांदीला बिलगला होता. उंचीची त्याला पहिल्यापासून भीती.

“सुलक्षणे,” तो म्हणाला, “शिडी आण.”

हसत, डोळे पुसत ती शिडी आणायला धावली. त्या दिवशी राज्यातले प्रत्येक माणूस आपल्या घरी जेवले. ऐकणाऱ्यांच्या घरीही कोणाचे पान रिकामे न राहो.