यल्लूबाईला हाक

फार मागची गोष्ट. गोदेकाठच्या मुखठाण गावात तेव्हा गुरुद्वारा बांधायला काढला होता. कुणीही कुठूनही यावं म्हणून चार दिशांना चार दारं. खाली काळा दगड, वर पांढरा घुमट. दगड बसला, दारं उभी राहिली, पण घुमट काही टिकेना. दोनदा चढवला, दोनदा तडकला.

चुना मळायला होती यल्लूबाई, वडाराची सून. नवरा खाणीत दगडाखाली गेलेला, पदरात दहा महिन्यांची तुळजी. त्या साली दुष्काळ असा, की चुना मळायची घाणी ओढणारा बैलही मेला. मग यल्लूबाईनंच जू खांद्यावर घेतलं आणि दगडी चाक ओढू लागली. चुन्यात उडदाचं पीठ, बेलाचा गर नि गूळ घालून सात दिवस मळायचा, तेव्हा तो दगडाला धरतो. तिच्या पावलांनी घाणीभोवती गुडघाभर चर पडला होता, असं म्हणतात.

लेकरू मात्र वाळत चाललं. अंगावरचं दूध आटलं, पोरीची टाळू खोल गेली. यल्लूबाई दर फेरीला थांबायची, झोळीत वाकायची, तिच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागला की पुढची फेरी.

एक दिवस तुळजी रडलीच नाही. यल्लूबाईनं चुन्यासाठी ठेवलेला गुळाचा खडा उचलला, पाण्यात कालवला नि बोटानं पोरीला चाटवू लागली. तेवढ्यात रघोजी मिस्त्रीनं पाहिलं.

"तरीच म्हणलं घुमट का तडकतो! गूळ इकडं चाललाय होय!"

"आजच घेतला हो मिस्त्रीदादा. लेकराची शपथ."

"धरलं की सगळे आजच म्हणतात. चल बाबाजींकडं!"

बाबाजी म्हणजे केहरसिंग. सगळं बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली. त्यांनी मिस्त्रीचं ऐकून घेतलं, पण नजर पोरीवर.

"बेटी, इथं रोज सगळ्यांसाठी लंगर शिजतो. तू जेवत नाहीस?"

"दारात बसते की रोज. पंगत उठल्यावर उरलेलं मिळंल म्हणून. पण औंदा काही उरतच नाही."

"मग आत का नाही आलीस?"

"बोलावल्याबिगर कशी येऊ, बाबाजी? आम्हाला कुणी पंगतीत घेतं का?"

सहा महिने ती दाराशी होती. प्रत्येकाला वाटलं, ही जेवून बसलीय. ये म्हणायला कुणीच गेलं नव्हतं.

बाबाजींनी तिला हाताला धरून आत नेलं, स्वतःशेजारी पंगतीत बसवलं. चुन्याचा उरलासुरला गूळ नि उडीदसुद्धा लंगरात द्यायला लावला.

मिस्त्री कळवळला, "बाबाजी, मग घुमट पडंल!"

"पडू दे. पुन्हा बांधू. ही पोर पुन्हा बांधशील का तू?"

जरा वेळानं रघोजीच पळी घेऊन तिला वाढायला आला.

आठ दिवसांत यल्लूबाईला पान्हा फुटला. पोटभर प्यालेली तुळजी अशी काही रडली, की नदीपल्याडच्या कड्यावरची मोहळं उठली. माश्या आल्या नि घुमटाच्या परांचीला लगडल्या. सात दिवस खालच्या चुन्यात मध ठिबकत राहिला, यल्लूबाई मळत राहिली, नि एकही माशी तिला चावली नाही, असं म्हणतात. तिसऱ्यांदा घुमट चढला तो चढलाच.

आता त्या लंगरात गॅसच्या शेगड्या आल्यात. पण पंगत बसली, तरी पहिली पोळी लगेच पडत नाही. एक सेवादार बाहेर पायरीवर जातो, तोंडाशी हात धरतो नि मोठ्यानं हाक घालतो, "यल्लूबाई, जेवायला चल गं! लेकराला घेऊन ये!"

मग सगळे थांबतात. बाहेर कुणी ना कुणी असतंच. कधी भीक मागणारा म्हातारा, कधी उसाला निघालेली बाई, कडेवर पोर. ते आत येऊन टेकलं, की वाढायला सुरुवात होते.