थोरला गोटा आणि भिवाजीची कंबर

जांभूळखेड्यात तेलाचा घाणा चालवणारा भिवाजी नावाचा गडी राहत असे. अंगाने दणकट, पण कौतुकाचा भारी भुकेला. गावच्या तालमीपुढे पाच गोल दगडी गोटे मांडलेले होते. सगळ्यांत हलका तो धाकटा, सगळ्यांत जड तो थोरला. जत्रेत गडी हे गोटे खांद्यावर घेत. थोरला मात्र वीस वर्षांत कुणाच्या खांद्याला लागला नव्हता.

भिवाजी तिसरा गोटा लीलया उचली. चौथ्याला हात घातला, की कमरेत कळ येई.

वस्ताद नागूअण्णा म्हणाले, "दोन महिने तिसऱ्यावरच मेहनत कर. चौथ्याचं मग बघू."

"वस्ताद, जत्रा आठ दिवसांवर आली! आणि मी थोरला उचलणार, असं गावभर सांगून बसलोय."

"गावाला सांगितलंस. कमरेला विचारलंस का?"

भिवाजीने ते हसण्यावारी नेलं.

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडली. लोक ओरडू लागले. भिवाजीने थोरल्याला मिठी मारली. गोटा गुडघ्यापर्यंत आला आणि कमरेत कट्‌कन आवाज झाला. गोटा खाली पडला, भिवाजी मात्र वाकलेलाच राहिला. उसण भरली होती. वर होता येईना, खाली बसता येईना.

समोर पाटील बसले होते. त्यांना वाटलं, गडी पाया पडतोय. ते म्हणाले, "औक्षवंत हो!" तरी हा वाकलेलाच. मग शेजारच्या म्हाताऱ्यांनीही रांगेने येऊन आशीर्वाद दिले. सातव्या म्हाताऱ्याला भिवाजी कळवळून म्हणाला, "आजोबा, आशीर्वाद पुरे, बाज आणा!"

महिनाभर घाणा बंद पडला. गावाने बिनफोडणीची आमटी खाल्ली. 'थोरला, थोरला' म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारेच रिकामी भांडी घेऊन भिवाजीच्या दारात उभे राहू लागले.

पुढे कंबर बरी झाली, पण भीती मनात बसली. भिवाजी कळशीलाही हात लावीना. शेवटी त्याची बायको साळू वस्तादांकडे गेली.

"अण्णा, आधी हे डोंगर उचलायला निघाले होते. आता जेवलेलं ताटही मलाच उचलावं लागतं."

नागूअण्णांनी भिवाजीला तालमीत आणलं आणि धाकट्यापुढे उभं केलं.

"वस्ताद, हा तर पोरासोरांचा गोटा!"

"मग भितोस कशाला? उचल."

भिवाजीने लाजत धाकटा उचलला. महिन्याभराने दुसरा, मग तिसरा. कमरेत कळ आली, की तो त्या दिवशी थांबे. नाही आली, की दुसऱ्या दिवशी थोडं जास्त करी.

पुढल्या जत्रेत त्याने चौथा गोटा खांद्यावर घेतला. लोकांना चेव चढला. "थोरला! थोरला!" भिवाजीलाही राहवेना. त्याने थोरल्याला हात घातला, चार बोटं उचलला. कमरेत बारीक कळ आली. त्याने गोटा अलगद खाली ठेवला.

"भ्यालास काय रे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"थोरला पुढल्या वर्षीही इथंच असणार," भिवाजी म्हणाला. "तेव्हा माझी कंबरही असायला हवी ना!"

लोक हसले. भिवाजीही हसला आणि साळूबरोबर गरम भजी खायला गेला.

त्याच्या पुढल्या वर्षी मात्र थोरला भिवाजीच्या खांद्यावर चढला. हलगी वाजली, पाटलांनी फेटा बांधला. गर्दी पांगल्यावर नागूअण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आज गोटा उचललास, ते गावाने पाहिलं. गेल्या वर्षी खाली ठेवलास, ते मी पाहिलं होतं. तेच जास्त अवघड होतं, लेका."

तात्पर्य: भीतीपोटी बसून राहू नये आणि टाळ्यांपायी मोडून घेऊ नये, अंगाला पेलेल तेवढंच उचलावं, पण ते थोडं थोडं वाढवत न्यावं.