सहा दशांशांचे पुण्य

दशांशचिन्ह दिसायला केवढेसे! परंतु एका स्वायत्त महाविद्यालयाचे परीक्षा नियंत्रक, प्राध्यापक त्र्यंबकराव चिपडे, यांनी त्याचाच अडसर करून प्रथम वर्गाचे दार लावून घेतले होते. केतकी घोडके हिला पदवी परीक्षेत एकोणसाठ पूर्णांक आठ दशांश टक्के मिळाले होते, आणि साठ भरल्याखेरीज एम.एस्सी.ला प्रवेश नव्हता.

"सर, एवढा अपूर्णांक पूर्ण धरता येणार नाही का?" तिने अदबीने विचारले.

"अगं मुली, ही काय भाजीमंडई आहे, वर दोन मिरच्या टाकायला?" सर गरजले. "एकोणसाठ म्हणजे एकोणसाठच. गणिताला दयामाया नसते!"

तेवढ्यात स्थानिक वृत्तपत्राचा वार्ताहर आत आला. सरांचा चेहरा एकदम फुलला.

"या, या! लिहा, यंदाचा आमचा निकाल शंभर टक्के!"

"पण एक विद्यार्थी नापास झाला म्हणतात," वार्ताहर चाचरत म्हणाला.

"अहो, अडीचशेंत एक! नव्व्याण्णव पूर्णांक सहा दशांश म्हणजे शंभरच की!"

केतकी वार्ताहराकडे वळली. "दादा, सोबत एवढेही छापा. या महाविद्यालयात सहा दशांशांचा पूर्ण एक होतो; आठ दशांशांचा मात्र होत नाही."

वार्ताहराने मोठ्या उत्सुकतेने लेखणी सरसावली. सरांनी घाईघाईने घंटी वाजवून केतकीची गुणपत्रिका मागवली.

आठवड्याभरात अपूर्णांकांविषयी नवे परिपत्रक निघाले. त्यात विद्यार्थिहिताची सरांना पहिल्यापासूनच किती तळमळ होती, हे त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिले होते.