बिस्किटाच्या डोक्यावरचं चॉकलेट

माणसांची पाठ वळली की स्वयंपाकघरातल्या वस्तू कडाकडा भांडायच्या, त्या काळची ही गोष्ट. मृणालमावशींनी घरी फ्रेंच पद्धतीची लोण्याची बिस्किटं केली. साच्यात वितळलेलं चॉकलेट ओतलं, त्यावर भाजलेलं बिस्किट दाबून बसवलं आणि साचा फ्रिजमध्ये ठेवला. त्या मऊ गादीवर बिस्किटाला छान झोप लागली. सकाळी मावशींनी साचा उपडा केला, तेव्हा चॉकलेट वर आलं आणि बिस्किट खाली गेलं.

"अगं बाई, चॉकलेट काय चकाकतंय!" शेजारच्या हेमलताबाई म्हणाल्या.

दोघी चहा टाकायला वळताच बिस्किटाच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऊठ माझ्या डोक्यावरून!" ते चॉकलेटवर खेकसलं. "ओव्हनचे चटके मी सोसले, तुझं ओझं मी वाहायचं, आणि कौतुक तुझं? वर बसायचा हक्क तुला दिला कुणी?"

चॉकलेट जागचं हललं नाही. "रात्रभर साच्यात तू माझ्या उरावर बसलं होतंस," ते म्हणालं. "तेव्हा नाही विचारलंस, हक्क कुणी दिला ते?"

बिस्किटाला उत्तर सुचेना. म्हणून ते आणखीच भडकलं.