काळ्या तारेवरचं बटण

“...पण बटण बंद होतं, उस्ताद. दिवा विझला होता. मग शैलाला झटका बसलाच कसा?”

मिरजेच्या बाबालाल उस्तादांनी मोटारीच्या कॉइलवरून मान वर केली नाही. त्यांच्याच हाताखाली शिकून रेवण आता स्वतःची वायरिंगची कामं घेत होता. कामाबरोबर शहाणपणही जरा जास्तच आलं होतं. आज मात्र त्याचं डोकं चालत नव्हतं.

मिणमिणता बल्ब बदलायला त्याची बायको शैला स्टुलावर चढली, ती त्याला विचारूनच. बटण बंद आहे, बिनधास्त चढ, असं तो म्हणाला. होल्डरला बोट लागलं आणि ती खाली कोसळली. थोडक्यात वाचली. तेव्हापासून ती घरातल्या एकाही बटणाला हात लावत नव्हती, आणि त्याच्याशी बोलतही नव्हती.

“बटण कुठल्या तारेवर बसवलंस?”

“काळ्या. न्यूट्रलवर.”

हे सांगताना त्याला अजूनही थोडा अभिमान वाटत होता. न्यूट्रलला लावला तर टेस्टर पेटत नाही. मग बटण तिथंच बसवावं, घरच्यांची बोटं करंटजवळ जायलाच नकोत. एवढा विचार त्यानं स्वतःच्या अकलेनं केला होता.

उस्ताद उठले. फळीवर हुबेहूब तसंच कनेक्शन जोडलं. बल्ब लागला. बटण दाबलं, विझला.

“टेस्टर लाव.”

होल्डरच्या लाल तारेला टेस्टर पेटला. ते ठीकच होतं, करंट तिच्यातूनच येतो.

काळ्या तारेला लावला...

तिथंही पेटला.

रेवणनं टेस्टर सदऱ्याला पुसून पुन्हा लावला. पुन्हा पेटला.

“हिच्यात तर काही नसतं, उस्ताद.”

“परत जायची वाट असते. ती तू तोडलीस.”

“म्हणूनच तर दिवा विझला ना?”

“विझला.”

रेवणला काही उमजेना. दिवा गेला, मग करंट गेला का नाही? आणि गेला नसेल, तर बसलाय कुठं?

“लाव हात,” उस्ताद म्हणाले.

त्याचा हात निघाला. होल्डरपासून वीतभर अंतरावर थबकला. पुढं जाईना, मागंही येईना.

“दिवा विझलाय, उस्ताद... पण करंट होल्डरपर्यंत आलेलाच आहे...”

उस्तादांनी मेन स्विच खाली ओढला आणि पुन्हा कॉइल हातात घेतली.

“हा ‘पण’ तिला सांगितला होतास?”