शिरीषाचे पाय

एकदा एका वसाहतीत, माणसांच्याही आधी तिथे राहायला आलेले एक शिरीषाचे झाड म्हातारे झाले.

वसाहतीचा त्याच्यावर फार जीव होता. इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्याच्या बुंध्याभोवती दगडांचे नुसते कडे होते. पुढे वसाहतीतले पहिले आजोबा वारले आणि मुलांनी त्या कड्यावर त्यांच्या नावाची फरशी बसवली. ते सर्वांच्या मनाला भिडले. मग ज्या घरातले माणूस जाई, ते घर शिरीषापाशी एक फरशी बसवी. जागा संपली की विटांचा नवा थर चढे, आत माती भरली जाई आणि पुन्हा जागा होई. असा तो पार लहान मुलाच्या छातीपर्यंत आला. संध्याकाळी वृद्ध मंडळी तिथे आपापल्या माणसाच्या नावाशेजारी टेकून बसत.

आणि एका वर्षी शिरीषाच्या शेंड्याला पालवीच फुटली नाही. थोड्याशा वाऱ्याने एक जाड फांदी मोडली आणि खाली लावलेल्या स्कूटरवर आदळली. वसाहतीचे चिटणीस सज्जन गृहस्थ. त्यांची झोप उडाली. त्यांनी झाड तोडण्याची परवानगी आणली आणि रविवारी सभा बोलावली.

त्याच वसाहतीत एक तरुणी राहत होती. दूरदेशी शिकून ती नुकतीच परतली होती. वडील गेले तेव्हा ती वेळेवर पोचू शकली नव्हती. तिच्यासाठी उरली होती ती पारावरची त्यांची फरशी. रोज सकाळी तिला टेकून ती चहा पिई. "एक पानही तोडू देणार नाही," असे तिने चिटणिसांना बजावले.

"पान राहिलंय कुठे, बाळ?" चिटणीस म्हणाले. "आणि उद्या फांदी एखाद्या पोराच्या डोक्यात पडली, तर त्याच्या आईला काय सांगू मी?"

मागच्या इमारतीत तिचे शाळेतले वृद्ध गुरुजी राहत. त्यांनी आयुष्यभर मुलांना झाडे शिकवली होती. ती त्यांच्याकडे गेली.

"सर, सभेत तुम्ही बोला. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"काय बोलायचं ते आधी झाडाला विचारू," गुरुजी म्हणाले, आणि रविवारी सभेला आले ते छिन्नी आणि हातोडा घेऊन.

सभा शिरीषाखालीच भरली होती. गुरुजींनी पाराभोवती एक फेरी मारली. मग ते गुडघे टेकून बसले, एका फरशीवरची धूळ त्यांनी रुमालाने पुसली, तिच्या कडेला छिन्नी लावली आणि ठोका घातला.

सगळे थिजले. ती फरशी त्यांच्या पत्नीच्या नावाची होती.

"सर! अहो, हे काय करताय?" तरुणी धावत आली.

"ओरडू नकोस, खालून धर. फुटू देऊ नकोस. टवका उडालेलं तिला काही चालत नसे. कपबशासुद्धा टाकून द्यायची."

फरशी निघाली, मागच्या विटा निघाल्या. गुरुजींनी हातांनी माती ओढली आणि शिष्येचा हात धरून आत बुंध्यावर ठेवला. "सांग."

"ओलं आहे," ती हळूच म्हणाली. "मऊ लागतंय. साल सुटून हातात येतेय, सर. कुजका वास येतोय."

गुरुजी तिच्या आधाराने उठले. "खांब जमिनीत सरळ जातो. झाड तसं जात नाही. जमिनीपाशी ते पाय पसरून उभं राहतं. आपल्या शिरीषाचे पाय शेवटचे कुणी पाहिलेत? आपण प्रत्येकानं आपलं दुःख आणून त्या पायांवर ठेवलं, वर माती लोटली आणि हलके होऊन घरी गेलो. त्यानं कुणालाच नको म्हटलं नाही. आता चिटणीस म्हणतात तोडा, ही म्हणते हात लावू नका. माया दोघांचीही खरी आहे. पण म्हाताऱ्याला लागतं ते एवढंच: त्याच्यावरचा भार उतरवावा, वाळलेलं तेवढं काढावं आणि त्याच्याकडून पूर्वीइतकी सावली मागू नये. स्कूटरी हलवा, बाकं हलवा. त्याला जरा मोकळं उभं राहू द्या."

"जगेल का पण?" चिटणिसांनी विचारले.

"माझी सून डॉक्टरांना माझ्याबद्दल हेच विचारते," गुरुजी म्हणाले. लोक हसले. "मला माहीत नाही. पण गेलंच, तर आपल्या मायेखाली गुदमरून जायला नको."

तरुणी वडिलांच्या फरशीपाशी जाऊन उभी राहिली. "सर, ही..."

"ती मी काढणार नाही. ती तुझी आहे."

कितीतरी वेळ तिचा तळवा त्या नावावर होता. मग तिने छिन्नीसाठी हात पुढे केला. ठोके वेडेवाकडे पडू लागले, तशी चिटणीस तिच्याशेजारी येऊन बसले. "थांब, मी धरतो. पलीकडची माझ्या आईची आहे. तुझं झालं की छिन्नी मला दे."

तोडण्याचा ठराव पुढच्या चैत्रापर्यंत थांबला. पार उतरला. फरश्या समोरच्या कुंपणाच्या भिंतीत बसल्या आणि बाकेही तिथेच गेली. वाळक्या फांद्या उतरवायला माणसे आली तेव्हा, एक पानही तोडू न देणारी ती तरुणी खाली उभी राहून स्वतः बोट दाखवत होती, "ती. आणि तिच्यामागची."

चैत्रात शिरीष पालवला, सगळा नाही. शेंडा गेला तो गेलाच. झाड आता बुटके आणि थोडे बेढब दिसे, पण खालच्या फांद्यांवर कोवळी पाने थरथरत होती, आणि बुंध्याशी त्याचे रुंद, सुरकुतलेले पाय उघडे होते.

गुरुजी आणि ती भिंतीपाशी बाकावर बसली होती. पाठीशी सगळी नावे होती. शिरीषाची तोकडी सावली बाकाच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होती.

"सर, तुम्हाला ऊन लागतंय. इकडे सावलीत सरका."

"असू दे. इतकी वर्षं त्यानंच झेललं ना?"

ती उठली, आणि गुरुजींच्या पलीकडे, उन्हात जाऊन बसली.